खिळा नसलेली साळ

करंजखेडे, ता. निफाड
८ सप्टेंबर

स्नेहल,

'प्रिय' लिहिलेलं नाही, बघून घे. तुझ्या अटी पाठ आहेत. फोन नाही, मेसेज नाही. जे काय सांगायचं ते कागदावर, कारण फोनवर मी भांडतो आणि कागदावरचा राग टपालपेटीपर्यंत जाईतो निवतो. आणि 'प्रिय' तू आधी लिहिशील, मग मी. कबूल. फक्त एक गोष्ट तू सांगितली नाहीस. तुमच्या गावातली टपालपेटी तुमच्या लोहारसाळेच्या बरोब्बर समोर आहे. एवढ्याशा अंतरात काय निवणार?

तुझ्या घरी सगळं ठीक. तात्यांना म्हणालो, मी स्नेहलच्या वर्गातला, साळेची मापं घ्यायला आलोय. खरं तर 'वर्गातला होतो' म्हणायला हवं होतं. पण तिसऱ्या वर्षात सरांच्या टेबलावरचं स्वतःचंच मॉडेल खिडकीतून फेकून कॉलेज सोडलेला मुलगा, अशी ओळख कोण करून देतो? काकूंनी पोह्यांचा आग्रह केला, मग मी कुठला, कुणाचा, ते विचारलं. घोटीचा, घरची भातशेती, म्हणालो. "मंग पोहे तुमच्याकडूनच येत्यात म्हना की," म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता खोकला लागला, तो बराच वेळ थांबला नाही.

आता साळ.

तू म्हणाली होतीस, 'आमची एक काळी शेड आहे, तात्या दिवाळीनंतर पाडणारेत. त्याआधी कुणीतरी नीट काढून ठेवायला हवी. तू रिकामाच आहेस.' स्नेहल, तू आर्किटेक्चर शिकतेस. शेड म्हणतेस तिला?

रस्त्याच्या बाजूला कौलं इतकी खाली उतरलीत की कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मी कपाळ आपटून घेतलं. आतून तात्यांचा आवाज आला, "वाकायचं. हितं समदेच वाकत्यात." आत काळोख. उजेड येतो तो फक्त गुडघ्याएवढा, जमिनीवरून सरपटत; त्याच्या वर नुसता अंधार. मग तात्यांनी भाता ओढला, आगटीतला कोळसा फुलला, आणि छप्पर अंधारातून खाली उतरल्यासारखं दिसायला लागलं. आधी आढं, मग तुळया, मग खांब. वर्षानुवर्षांच्या काजळीनं लाकूड इतकं काळं आणि गुळगुळीत झालंय की निखाऱ्याचा लाल त्याच्यावर पाण्यासारखा हलत होता. भाता मिटला, सगळं परत गेलं. पुन्हा ओढला, पुन्हा आलं. मी टेप हातात धरून नुसता उभा. ही इमारत श्वास घेतेय, एवढंच सुचलं.

धूर बघण्यासारखा आहे. सरळ वर चढतो, आढ्यावरची कौलं उचलून ठेवलेली आहेत तिथून बाहेर पडतो. वारा पडला की मात्र गोंधळतो आणि मागे तुमच्या घराकडे वळतो.

दुपारी शिडी लावून वर चढलो. सांधा न् सांधा हातानं चाचपला. खांबाचं डोकं तुळईत बसवलंय, त्यात लाकडी खुंटी. वासे काथ्यानं बांधलेले. आख्ख्या साळेत एक खिळा नाही. लोहाराची साळ, कोपऱ्यात पोतंभर खिळे, आणि छपरात टाचणीएवढं लोखंड नाही. खाली येऊन विचारलं. तात्या ऊसतोडीच्या कोयत्याला पाणी देत होते. म्हणाले, "आमच्या आज्ज्याचं सांगणं हाय. लोखंड हितं पाव्हणं म्हणून येतं. पाव्हण्याला कोणी घराचं वझं उचलाय लावतं का?"

मी यावर काहीच बोललो नाही. मी. नोंद करून ठेव.

नवनाथ


पुणे
१४ सप्टेंबर

नवनाथ,

मापं पाठव. 'इमारत श्वास घेतेय' हे तू कुठल्या स्केलला काढणार आहेस?

मी इथे ट्रेनिंगच्या ऑफिसात दिवसभर एका सोसायटीचं पार्किंग आखते. खांब हलवला तर गाडी बसत नाही, गाडी बसवली तर खांब उभा राहत नाही. तेव्हा तुझी आढी आणि तुळया वाचून थोडा हेवा वाटला, हे लपवत नाही. पण तू तिथे पाहुणा आहेस. मी त्या साळेत वाढले. तुला लाकडावर हलणारा लाल दिसला. मला दहावीच्या वह्यांवर बसलेली काजळी दिसते. शाळेत माझी कॉलर बघून पोरी नाक धरायच्या. आईच्या खोकल्याबद्दल तू एका ओळीत लिहिलंस. ती ओळ माझ्या घरात पंधरा वर्षं चालू आहे.

दोन गोष्टी सांगते, आणि त्या ऐक. मोजायला हात लाव, सुधारायला लावू नकोस. तुझा हात मला माहीत आहे. आणि पाडण्यावरून तात्यांशी वाद घालायचा नाही. तो आमच्या घरचा निर्णय आहे.

हो, आणि दोन ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या आहे. अमावास्येला साळ बंद असते. हातोडा उचलतसुद्धा नाहीत. आमच्याकडे घरातला लोहार गेला की ऐरणीवर घाव घालून गावाला कळवतात, मग ती अमावास्या असो की काही. त्यामुळे त्या दिवशी साळेतून आवाज आला की गाव एकच अर्थ घेतं. तू त्या दिवशी लाकडं मोज, नाहीतर झोप काढ.

जेवतोस ना वेळेवर? आई विचारणार नाही, वाढतच राहील. नको म्हणायला शिक.

स्नेहल


करंजखेडे
२२ सप्टेंबर

स्नेहल,

मापं घेतली. आठ नकाशे झाले, अजून चालू आहेत. पण आधी हे ऐक, नाहीतर मला झोप लागणार नाही.

काल तात्या कामात होते आणि मी चालत गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. घणाचा आवाज माझ्या मागोमाग येत होता, कमी होतच नव्हता. शेवटच्या घराशी सुमनबाई भाजी विकायला बसतात ना, त्यांना म्हटलं, इथपर्यंत ऐकू येतं? त्या मेथी निवडत होत्या, मान वर केली नाही. म्हणाल्या, "कुऱ्हाड चाललीय. खुरप्याचा आवाज बारीक असतो." मी पळत परत आलो. ऐरणीवर कुऱ्हाड होती.

मग मागच्या दगडी भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली. स्नेहल, भिंत सरळ नाही. मध्यावर वीतभर मागे गेलीये, उथळ परातीसारखी. डोळ्याला कळत नाही, दोरीला कळतं. ऐरण बरोबर त्या परातीच्या समोर. रस्त्याकडची बाजू उघडी. म्हणजे जो घाव पडतो तो भिंत उचलते आणि गावावर फेकते. कुणी बांधली ही? कुठे शिकला तो? मला पहिल्या वर्षी एका नाट्यगृहाच्या भिंतीवर दहा मार्क होते, मी चार मिळवले होते. मी त्या भिंतीला पाठ लावून बसलो आणि तात्यांना म्हटलं, मारा अजून एक. माझ्या बरगड्या वाजल्या.

बाकी काही गोष्टी कळल्या नाहीत. त्याच भिंतीत खाली तीन कोनाडे आहेत. एकात खंडोबाचा टाक, एकात सांडशा, एकात रॉकेलचा डबा. देव इतका खाली, गुडघ्याशी कोण बसवतं? भिंत दगडाची आणि कोनाड्यांची पाठ विटेची. काढून ठेवलेत. आणि खांबांच्या डोक्यावर, तुळयांच्या टोकांना छिन्नीच्या खाचा आहेत. कुठे एक, कुठे तीन, कुठे पाच. तात्या म्हणाले, "आज्ज्यानं मोजलं असंल कायतरी." मला वाटतं, वर्षं असतील, किंवा घरात जन्मलेली पोरं.

आणि भात्याजवळचा खांब. छातीच्या खाली एका जागी काजळी नाही, लाकूड उघडं पडलंय आणि तुपासारखं चकाकतं. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "शाळंतून आली की भाता वढाय बसायची. डावा हात कायम तिथं." नाव घेतलं नाही. मी तिथे हात ठेवून बघितला. तुझा हात लहान होता.

या खांबाची खुंटी झिजलीये, वारा सुटला की तो किंचित हलतो. आणि दिवाळीनंतर हे सगळं पाडायचं? तुझं ऐकून वाद घातला नाही. फक्त विचारलं, का पाडता. तात्या ऐरणीकडे बघत राहिले. आपली स्वतःची साळ पाडताना माणसाला कारणही सांगता येऊ नये? ज्यानं कुणी हे त्यांच्या डोक्यात भरवलंय तो मला भेटायला हवा एकदा.

नवनाथ


पुणे
२८ सप्टेंबर

नवनाथ,

भिंतीचं वाचून मी ऑफिसात उभी राहिले. खरंच. मला माहीत नव्हतं.

पण त्या खांबाबद्दल पुन्हा लिहू नकोस. आणि कुणी कुणाच्या डोक्यात काय भरवलं, याचा शोध घेऊ नकोस. नकाशे पूर्ण कर आणि घोटीला जा. एवढंच काम होतं.

स्नेहल


करंजखेडे
५ ऑक्टोबर

चि. स्नेहल हिला तात्याचा आशीर्वाद.

फोनवर तू मधी बोलती म्हणून लिहितो. तुझी आई म्हन्ली, पोरं कागदावर लिहित्यात तर तुमी बी लिवा. हात वळत नाय पण बघतो.

अवसंला मी कोळसा बघाया निफाडला गेलो व्हतो. दुपारी लय वारं सुटलं. तुझ्या भात्याजवळचा खांब हालाया लागला. पोरगा एकटाच साळंत. त्यानं पोत्यातला मोठा खिळा घेतला आन घणानं खांबात ठोकला. समद्या गावानं ऐकलं. सुमनबाई भाजी तशीच टाकून आली. माणसं टोप्या काढून साळंपुढं हुभी. तुझी आई काळूच्या मळ्यात द्राक्षाच्या छाटणीला गेलती. तिला वाटलं मीच गेलो. वाटंत गाडीखाली आलो आसंन आन कोणी सांगाया आलं आसंन. ती बांधाबांधानं पळत आली, मंग तिला दम घेववंना. दवाखान्यात ठेवली. आता घरी हाय, बरी हाय. भिऊ नको, गाडी पकडून येऊ नको.

खांब उभा चिरला. म्या त्याला कायबी बोललो नाय. तोच बोलला. म्हन्ला, पडली असती तर? म्हन्ला, तुमाला तर पाडायचीच हाय, मंग एका खिळ्याचं काय दुखतं? तवा माझ्या तोंडातून गेलं, मला नाय पाडायची बाबा, लेकीनं शब्द घेतलाय माझ्याकून. त्यानं लेक कोणती ते इचारलं. म्या म्हन्लो मला एकच हाय. दुसऱ्या दिवशी नकाशे टाकून गेला.

नकाशे संग पाठवतो. मला त्यातलं कळत नाय, पण साळ हाय तशी हाय. तुझ्या हाताची जागा बी काढली हाय खांबावर. तुझ्या आईनं ते पान दोनदा पाह्यलं.

पोरगा तुझ्या वर्गातला हाय का? मला नाय वाटत. पण कौल फुटलं नाय त्याच्या हातून इतके दिस, एवढं वर चढून.

तुझा तात्या


पुणे
१० ऑक्टोबर

नवनाथ,

घोटीच्या पत्त्यावर लिहितेय. तुझ्या आईनं किंवा बाबांनी आधी वाचलं तरी चालेल.

मी काय सांगितलं होतं? सुधारायला हात लावू नकोस. अमावास्या आहे. मी तारीखसुद्धा लिहिली होती. आणि तू त्याच दिवशी, त्याच साळेत, घण उचललास, आणि खिळा ठोकलास, तोही आमच्याच पोत्यातला. माझ्या आईनं बांधावरून पळताना काय काय मनात आणलं असेल याचा विचार करायचा प्रयत्न करतेय, जमत नाहीये. वरून तात्यांवर आवाज चढवलास. त्यांच्यावर आजवर कुणी आवाज चढवलेला नाही, मीसुद्धा नाही.

राग आला की तू समोरचं फेकतोस. मॉडेल तुझं होतं, फेकलंस. साळ तुझी नव्हती.

जाऊन आईची माफी माग. मग मला लिहू नकोस.

स्नेहल


घोटी
१६ ऑक्टोबर

स्नेहल,

लिहितोय. हे शेवटचं समज.

माफी मागितली. तुझं पत्र यायच्या आधी, दवाखान्यात, तात्या चहाला खाली गेले होते तेव्हा. त्यांना माहीत नाही म्हणून त्यांनी लिहिलं नसेल. काकूंच्या नाकावर वाफेचा मास्क होता. मी पायाशी उभा राहून बरंच काही बोललो, काय ते आठवत नाही. त्यांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाल्या, "मानूस जित्ता निघाला, याच्यापरीस काय पायजे?" मग मास्क लावून डोळे मिटले. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

खिळा का ठोकला, ते सांगतो. वारा असा होता की कौलं वाजत होती. तो खांब हलत होता, दर वेळी थोडा जास्त, आणि मला त्याच्यावरची ती चकाकणारी जागा दिसत होती. अमावास्या आठवली नाही. पाहुण्याचं बोलणं आठवलं नाही. खांब पडतोय, एवढंच दिसलं. पहिल्या घावाला बरगड्यांत तोच आवाज आला, परातीचा, आणि तेव्हा कळलं मी काय केलं. पण हात थांबला नाही. मग लाकूड फाटल्याचं ऐकलं.

हे माझं. आता तुझं.

तू मला तिथे पाठवलंस. काढून ठेव म्हणालीस. मी काढत बसलो आणि रोज थोडा वेडा होत गेलो, आणि तुला लिहीत गेलो, की कुणी बांधली ही, कोण पाडतंय हिला. तू वाचत होतीस. 'शोध घेऊ नकोस,' एवढं लिहिलंस. तू स्वतःच वडिलांकडून शब्द घेतलेला, आणि नकाशे काढायला मला धाडलंस. माझ्याशी खोटं बोलायला तुला कागदच लागतो का? फोनवर तू पकडली गेली असतीस.

नवनाथ


पुणे
२५ ऑक्टोबर

नवनाथ,

मी रागात पत्र टाकत नाही, म्हणून उशीर झाला.

तू बरोबर आहेस. शब्द मीच घेतला. उन्हाळ्यात आईला नाशिकला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, घरात धूर आहे तोवर औषधाला अर्थ नाही. चूल तर आम्ही कधीच बंद केली. उरली साळ, तिची मागची भिंत तीच आमच्या स्वयंपाकघराची भिंत. बाहेर रिक्षात मी तात्यांना म्हणाले, 'आई की साळ?' ते रडले नाहीत, भांडले नाहीत. 'दिवाळीपर्यंतचे कोयते करून देऊ दे,' म्हणाले. तेव्हा मला वाटलं मी जिंकले. पुण्याला आले आणि वाटलं, ती निदान कागदावर तरी राहू दे. ती काढताना तिच्यावर जीव लावील असा मुलगा मला एकच माहीत होता. म्हणून तू. तुला कारण सांगितलं असतं तर तू गेला नसतास, आणि गेला असतास तर भांडला असतास.

आता पुढचं नीट वाच.

तात्यांनी नकाशे पाठवले होते. मी तुझ्यावर चिडले होते म्हणून दोन आठवडे गुंडाळी सोडली नाही. काल जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या फरशीवर सगळे पसरले. खांब एका कागदावर, तुळया दुसऱ्यावर, तू काढलेस तसे. जागा कमी पडली म्हणून एकावर एक चढवले. आणि नवनाथ, खाचा जुळल्या. ज्या खांबाच्या डोक्यावर तीन खाचा, त्याच्यावर येणाऱ्या तुळईच्या टोकालाही तीन. पाचाला पाच. एकाला एक. ती वर्षं नाहीत, पोरं नाहीत. कुठलं लाकूड कुठे बसवायचं ते लिहून ठेवलंय त्या माणसानं. ते कुणी कधी लिहितं? सगळं सोडून पुन्हा उभं करायचं असेल तेव्हाच.

माझी आजी म्हणायची, नदीनं जुनं गाव गिळलं तेव्हा आपण वर आलो. मी समजायचे, माणसं वर आली. साळ आली होती. खांब, तुळया, वासे, सगळी बैलगाडीतून. म्हणूनच खिळा नाही. खिळा मारलेलं लाकूड सोडवताना फाटतं; हे आता तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? पणजोबांनी पाहुण्याची गोष्ट सांगितली ती खरी असेल आणि हेही खरं असेल. कदाचित पोरांनी विसरू नये म्हणून त्यांनी ती गोष्ट केली.

मग तुझे ते कोनाडे. पाठ विटेची, हे तू लिहिलंस म्हणून कळलं. ते कोनाडे नाहीत. ती भोकं आहेत. मागून, जमिनीशी, वारा आत यायचा आणि धुराला ढकलत आढ्यातून बाहेर न्यायचा. तुला धूर मागे वळताना दिसला तो याचमुळे. आजोबांनी मागे घर बांधलं, तेव्हा स्वयंपाकघरात वारा नको म्हणून ती विटांनी बुजवली. साळेचं नाक आम्ही दाबलं, आणि पंधरा वर्षं मी तिलाच दोष दिला.

मी फरशीवर बसून राहिले. एक सर विचारून गेले, बरं नाही का. ज्यांनी ती बांधली त्यांनी वाऱ्यासाठी, आवाजासाठी आणि पुढच्या पुरासाठी, सगळ्यासाठी जागा ठेवली होती. आणि आम्ही तिला काळी शेड म्हणत होतो.

गावाबाहेर आमचं खळं आहे, पश्चिमेला मोकळं. मागे एकही घर नाही. साळ सोडवून तिथे पुन्हा उभी करता येईल. काल तात्यांशी फोनवर बोलले आणि मधे बोलले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खांब कुठला कुठं, ते सांगाया पोरगा लागंल."

जाशील? माझ्यासाठी नको जाऊस. मी तशी लायक नाही या महिन्यात.

स्नेहल


करंजखेडे
२ डिसेंबर

स्नेहल,

झालं. हात फुटलेत, अक्षर वाईट येईल.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कौलं उतरवली. मग मी वर चढून पहिली खुंटी खालून ठोकली, लाकडाच्याच हातोड्यानं. ती बाहेर आली तेव्हा आतलं लाकूड पिवळंधमक होतं, काल तासल्यासारखं. तात्यांनी ती खुंटी हातात घेतली, वास घेतला आणि खिशात टाकली. पूर्ण साळ संध्याकाळपर्यंत सुटी होऊन रस्त्याकडेला आडवी पडली होती. काही तुटलं नाही. काळू ट्रॅक्टर घेऊन आला होता. म्हणाला, "आयला, ही तर खाटंसारखी सुटली."

दगडाची भिंत अवघड गेली. मी दोरी ताणून वीतभर मागे आखली. गवंडी म्हणाला, वाकडी होतेय. तात्या म्हणाले, "वाकडीच पायजे." तीन भोकं मोकळी ठेवली. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला तेव्हा मी एकासमोर हात धरला. स्नेहल, आत येत होता. कुणीतरी बोलत असल्यासारखा.

तुझा खांब वाचला नाही. चीर खालपर्यंत गेली होती. नवीन बाभळीचा मी तासला, नऊ दिवस लागले आणि दोन वेळा मी तासायची वाकस फेकून दिली. दोन्ही वेळा मीच उचलून आणली, ही नोंद ठेव. खाचा पाडायची वेळ आली तेव्हा तात्यांनी मला एक टोकदार सळई दिली, रेघ आखायला. इतकी हलकी, इतकी नेमकी की बोटांत आपोआप वळते. कुठून आणली विचारलं. म्हणाले, "तुझाच खिळा हाय." खांबातून उपसून त्यांनी तो तापवला, ताणला आणि माझ्या हातात दिला. एवढंच बोलले. त्याच सळईनं मी चार रेघा ओढल्या, तुळईला होत्या तशा. माझ्या हाताच्या रेघा तिथे आहेत आता. पुढच्या वेळी साळ हलेल तेव्हा कुणाला तरी त्या लागतील.

चिरलेल्या खांबाचा तो चकाकणारा तुकडा तात्यांनी कापून ठेवला होता. त्याचा भात्याचा दांडा केलाय.

मी त्यांना कॉलेजचं सांगितलं. म्हणाले, "ठाऊक हाय." सरांना पत्र लिहिलंय, जूनमध्ये परत घ्याल का म्हणून. कागदावर, आणि टपालपेटी आता खळ्यापासून लांब आहे.

काल पहिला विस्तव. जुन्या जागीच राहिलेल्या आगटीतले निखारे घमेल्यात घेऊन तात्या गावातून चालत आले, मागे सगळी माणसं. आत शिरताना प्रत्येक जण वाकला. गवंडीसुद्धा. तात्यांनी भाता ओढला. छप्पर अंधारातून उतरलं, तसंच, आढं, तुळया, खांब, आणि त्यांत एक नवा, अजून पांढरा. धूर चढला आणि सरळ बाहेर गेला. मागे वळला नाही.

मग पहिला घाव. मी आत थांबलो नाही, मला धीर नव्हता. मी तुमच्या घरी गेलो होतो, काकूंजवळ. साळेची भिंत होती तिथे आता नुसतं आकाश आहे, स्वयंपाकघराच्या त्या बाजूच्या दारात काकू बसल्या होत्या. आवाज आला. सगळं गाव ओलांडून आला, स्वच्छ. काकूंनी कान देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "विळा." आणि बराच वेळ खोकल्या नाहीत. मी मुद्दाम थांबून बघितलं.

नवनाथ


पुणे
८ डिसेंबर

प्रिय नवनाथ,

रविवारी सकाळी गाडीनं मनमाडला उतरते. तिथून पुढे तू घेऊन चल, तात्यांना सांगून ये.

तुझ्यावर अजून थोडी चिडलेली आहे, तूही असशील. जे काय भांडायचं ते मनमाड ते निफाड उरकून घेऊ. साळेत नको. तिथलं सगळ्या गावाला ऐकू जातं.

स्नेहल